राज्यभाषा बदलल्या, आपण काय शिकलो?

धर्माबादच्या मिरचीच्या बाजारात तासभर उभे राहिले की तीन भाषा कानी पडतात. शेतकरी मराठीत भाव विचारतो, सीमेपलीकडचा व्यापारी तेलुगूत उत्तर देतो आणि हमालांच्या बोलण्यात दखनी उर्दू चालते. ही देणगी आपल्या मुलांना घरबसल्या मिळते. परंतु भाषा बोलता येणे निराळे आणि त्या भाषेत अर्ज लिहिणे, कायदा समजणे, भाषांतर करणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीसाठी रीतसर शिक्षण लागते. ते नसले म्हणजे काय होते, हे आपल्या भागाच्या इतिहासाने एकदा नव्हे, अनेकदा दाखविले आहे.

हैदराबाद संस्थानात पूर्वी दरबारचे कामकाज फारसीत चाले. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. फारसीवर पोट भरणाऱ्या मुन्शी मंडळींना तेव्हा नवी वाट शोधावी लागली. पुढे १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. इतिहास, गणित, वैद्यक, अभियांत्रिकी असे उच्च शिक्षणाचे विषय एका भारतीय भाषेतून शिकविण्याचा हा मोठा प्रयोग होता. त्यासाठी १९१७ मध्येच 'दारुत्तर्जुमा' म्हणजे भाषांतर खाते उघडण्यात आले. मौलवी अब्दुल हक हे त्याचे पहिले प्रमुख. विद्वानांच्या समित्या बसत, एकेका शास्त्रीय संज्ञेवर वाद होई, मग शब्द ठरे आणि ग्रंथ छापला जाई. भाषेचा अभ्यास म्हणजे केवळ शेरोशायरी नव्हे, तो एक पगारी आणि प्रतिष्ठेचा पेशा आहे, हे या खात्याने दाखवून दिले. अब्दुल हक यांचा मराठवाड्याशीही जवळचा संबंध होता. त्यांची 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' ही संस्था १९३८ पर्यंत औरंगाबादेतूनच चाले.

मात्र या चित्राची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मराठवाड्यातील बहुसंख्य मुलांची मातृभाषा मराठी होती. वरच्या शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी त्यांना परकी वाटणारी भाषा शिकावी लागे व त्यात कित्येक मुले मागे पडत.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि फासा उलटा पडला. उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा ठरली. जी अडचण पूर्वी मराठी मुलांची होती, ती आता केवळ उर्दू शिकलेल्यांच्या वाट्याला आली. कचेरीतील कारकून, अर्जनवीस, वकिलाचा मुन्शी यांची वर्षानुवर्षांची विद्या थोड्याच काळात निरुपयोगी ठरू लागली. ज्यांच्याजवळ दुसऱ्या भाषेचे शिक्षण होते, त्यांना निदान उभे राहायला जागा होती. ज्यांच्याजवळ एकच भाषा होती, त्यांच्यापुढील वाट अरुंद झाली.

याच काळातील एक उदाहरण आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे. सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म १९१० मध्ये निलंग्याचा, म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्यातला. ते हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत अधिकारी होते. मराठीबरोबर फारसी आणि उर्दूवर त्यांचे प्रभुत्व होते. आदिवासी भागात काम करताना ते गोंडी व कोलामी शिकले आणि त्या भाषांची व्याकरणे लिहिली. राज्य बदलले, तरी त्यांची विद्या वाया गेली नाही. महाराष्ट्रात गॅझेटियरचे काम त्यांच्याकडे आले. फारसी साधने त्यांनी मराठीत आणली, गालिबच्या गझला मराठी वाचकांना समजावून दिल्या. १९९२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. एका मराठी माणसाने उर्दू-फारसी आपली मानली, म्हणून हे घडले. मग आपल्या मुलांनी मराठी तितकीच आपली का मानू नये?

जुन्या भाषेची गरजही संपलेली नाही. मराठवाड्यातील कित्येक मुन्तखब, खासरे आणि वक्फ व इनाम जमिनींचे कागद उर्दूत आहेत. २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्या जाणकारांची सर्वत्र विचारणा झाली. उर्दू वाचून तिचा अर्थ शुद्ध मराठीत लिहून देणारा माणूस पदवीधर असेल, तर त्याच्या सहीला वजन येते.

शिक्षणाची सोयही आता दूर राहिलेली नाही. १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ निघाले, १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले. तेथे भाषा व साहित्याचे, तसेच माध्यमशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. रेल्वेने हैदराबाद गाठले, तर १९९८ मध्ये स्थापन झालेल्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठात भाषांतर व पत्रकारिता शिकता येते. इंग्रजी व परदेशी भाषांचे केंद्रीय विद्यापीठही त्याच शहरात आहे. केंद्र शासनाच्या कचेऱ्यांत हिंदी-इंग्रजी भाषांतरकारांच्या जागा असतात. त्यासाठी सर्वसाधारणपणे यांपैकी एका भाषेची एम. ए. पदवी आणि पदवी परीक्षेत दुसरी भाषा असावी लागते. न्यायालये, वृत्तपत्रे, आकाशवाणी, शाळा-महाविद्यालये यांची दारेही भाषेच्या पदवीधराला उघडी आहेत.

पालकांनो, मुलगा किंवा मुलगी 'भाषा विषय घेते' म्हटले की आपण नाक मुरडतो. डॉक्टर-इंजिनिअर व्हावे, ही इच्छा चांगलीच आहे. पण ज्याचा कल भाषेकडे आहे, त्याला अडवू नका. फक्त एक अट घाला: एका भाषेवर थांबायचे नाही. घरची उर्दू पक्की करावी, राज्याची मराठी चुका न करता लिहावी आणि इंग्रजीत निर्भयपणे बोलावे. फारसी गेली, उर्दू आली. उर्दू गेली, मराठी आली. प्रत्येक बदलात एकाच भाषेवर विसंबलेला माणूस मागे राहिला. पुढचा बदल कोणता असेल हे सांगता येत नाही, पण आपल्या मुलांना त्याच्यासाठी तयार करणे आपल्या हातात आहे.