नागरिकत्व, स्वीकृत (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

जन्माने परकीय असलेल्या व्यक्तीस तिच्या स्वतःच्या अर्जावरून, विहित मुदतीचा रहिवास पुरा झाल्यावर व राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेतल्यावर, नागरिकत्व बहाल करण्याची कायदेशीर पद्धती. अमेरिकेतील जन्मसिद्ध नागरिकत्व चौदाव्या घटनादुरुस्तीने (१८६८) भूमीशी जोडले असून, चिनी मातापित्यांच्या पोटी सॅन फ्रॅन्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क यांच्या खटल्यात (१८९८) सर्वोच्च न्यायालयाने त्या तत्त्वास पुष्टी दिली. स्वीकृत नागरिकत्वाचे अधिष्ठान निराळे आहे : तेथे अर्जदार व राज्यसंस्था या दोघांची संमती लागते, आणि राज्यसंस्थेने एकदा दिलेली संमती तिला परत घेता येते काय, या प्रश्नाभोवती या विषयाचा इतिहास बव्हंशी फिरतो.

घटनात्मक आधार व प्रारंभीचे कायदे : नागरिकत्व देण्याचा एकसमान नियम करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील आठव्या कलमाने काँग्रेसकडे सोपविला आहे. त्यानुसार २६ मार्च १७९० रोजी झालेल्या पहिल्या कायद्याने दोन वर्षांचा रहिवास व सदाचरण या अटींवर कोणत्याही ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती’स नागरिक होण्याची मुभा दिली. रहिवासाची मुदत १७९५ मध्ये पाच व १७९८ मध्ये चौदा वर्षे झाली. १८०२ मध्ये ती पुन्हा पाच वर्षांवर आली व सर्वसाधारणपणे आजही तीच आहे. अर्ज ऐकण्याचे काम शंभराहून अधिक वर्षे ठिकठिकाणच्या न्यायालयांकडे होते व प्रत्येक न्यायालयाचा शिरस्ता वेगळा असे; १९०६ च्या कायद्याने एकच नमुना, मध्यवर्ती दफ्तर व इंग्रजी बोलता येण्याची अट आणून या कारभारास शिस्त लावली.

वर्णाची अट व भारतीय अर्जदार : गृहयुद्धानंतर १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींना नागरिक होण्याचा हक्क मिळाला; १८८२ मध्ये चिनी लोकांना तो स्पष्ट शब्दांत नाकारण्यात आला. या दोन टोकांच्या मध्ये जे उरले त्यांनी आपण ‘गोरे’ आहोत असे न्यायालयात सिद्ध करावे, अशी विलक्षण स्थिती उत्पन्न झाली. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांचा अर्ज न्यूयॉर्क येथे १९०९ मध्ये मंजूर झाला व १९१० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. पारशी हे मूळचे इराणातून आलेले असून भारतात राहणारे इंग्रज जितके हिंदूंहून भिन्न तितकेच तेही भिन्न होत, असा त्या निकालाचा रोख होता. एकाला दार उघडणाऱ्या या युक्तिवादातच इतरांना ते बंद करण्याची सोय होती. तथापि काही न्यायालयांनी पुढे हिंदू व शीख अर्जदारांनाही नागरिकत्व दिले. अशा नागरिकांपैकी एक सखाराम गणेश पंडित होत. १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात नागरिकत्व मिळाल्यावर ते तेथेच वकिली करू लागले.

पंजाबातील भगतसिंग थिंद हे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात दाखल झाले होते. १९१८ मध्ये मिळालेले त्यांचे नागरिकत्व अवघ्या काही दिवसांत रद्द झाले, १९२० मध्ये ऑरेगनमध्ये पुन्हा मिळाले, आणि त्याविरुद्ध सरकारने चालविलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. थिंद यांच्या बाजूच्या वकिलांत पंडित होते. जपानी अर्जदार ताकाओ ओझावा यांच्या खटल्यात नोव्हेंबर १९२२ मध्ये याच न्यायालयाने ‘गोरा’ म्हणजे कॉकेशियन वंशाचा असा अर्थ लावला होता; तत्कालीन मानववंशशास्त्र उत्तर भारतीयांस त्याच वंशात घालीत असल्याने थिंद यांची बाजू वरवर पाहता भक्कम होती. त्यांच्या कैफियतीने आर्य वंश व उच्चवर्णीयांचे रक्तशुद्धत्व यांचाही आधार घेतला, म्हणजे एका भेदाविरुद्ध दाद मागताना दुसऱ्या भेदाचा दाखला दिला, ही गोष्ट अभ्यासकाने झाकून ठेवू नये. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज सदरलंड यांनी, ते स्वतः इंग्लंडात जन्मलेले असताना, शास्त्राचा अर्थ बाजूस सारून सामान्य माणसाच्या समजुतीतील अर्थच ग्राह्य धरला व थिंद यांस अपात्र ठरविले.

या निकालाचा आधार घेऊन सरकारने अनेक भारतीयांची नागरिकत्वे रद्द करविली. नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या परकीयांस जमीन खरेदी करण्यास कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्याने मनाई असल्याने तेथील भारतीयांची मालमत्ताही धोक्यात आली. सॅन फ्रॅन्सिस्कोतील व्यापारी वैष्णोदास बगाई यांनी ब्रिटिश प्रजा असणे सोडून १९२१ मध्ये अमेरिकी नागरिकत्व घेतले होते. ते हिरावले गेल्यावर त्यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. पंडित यांच्यावरही फिर्याद झाली. परंतु १९१४ च्या निकालाविरुद्ध सरकारने वेळीच अपील केले नसल्याने तो आता उलटविता येत नाही, असे अपील न्यायालयाने १९२६ मध्ये ठरविले, पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार नाकारला, आणि त्यानंतर अशा फिर्यादी थंडावल्या. थिंद यांना माजी सैनिकांसाठी झालेल्या १९३५ च्या कायद्यामुळे अखेर १९३६ मध्ये नागरिकत्व मिळाले. चिनी लोकांवरील बंदी १९४३ मध्ये उठली. २ जुलै १९४६ च्या ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिक होण्याचा हक्क दिला व त्यांच्या आगमनासाठी वर्षाकाठी सुमारे शंभर जागा ठेवल्या. वर्णाची अट सर्वांसाठी १९५२ मध्ये, म्हणजे पहिल्या कायद्यानंतर १६२ वर्षांनी, नाहीशी झाली.

विद्यमान पद्धती : अर्जदार अठरा वर्षांचा व कायम रहिवासाचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, असलेला हवा, रहिवासाची मुदत पाच वर्षे, नागरिकाच्या पती अथवा पत्नीस तीन वर्षे. इंग्रजीचे लेखन, वाचन व संभाषण यांची परीक्षा, तसेच इतिहास व शासनपद्धती यांची तोंडी परीक्षा होते. २००८ च्या नमुन्यात शंभर प्रश्नांतून दहा विचारीत व सहा उत्तरे बरोबर असावी लागत; २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी १२८ प्रश्नांतून वीस विचारतात व बारा बरोबर यावी लागतात. शपथेत पूर्वीच्या राज्यनिष्ठेचा त्याग अंतर्भूत आहे. भारताच्या नागरिकत्व कायद्याच्या (१९५५) नवव्या कलमानुसारही स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेणारा भारताचा नागरिक राहत नाही.

स्त्रिया : १९०७ च्या कायद्याने परकीयाशी विवाह करणाऱ्या अमेरिकी स्त्रीचे नागरिकत्व जात असे, १९२२ च्या केबल कायद्याने हे अंशतः सुधारले, परंतु नागरिकत्वास अपात्र पुरुषाशी विवाह करणारीस १९३१ पर्यंत संरक्षण नव्हते.

मुलकी नोकरी : स्पर्धात्मक संघीय जागा सामान्यतः नागरिकांसाठी राखीव आहेत (अध्यक्षीय आदेश, १९७६).

राजकीय अधिकार : राष्ट्राध्यक्ष व उपराष्ट्राध्यक्ष ही पदे वगळता स्वीकृत नागरिकास सर्व पदे खुली आहेत, प्रतिनिधिगृहासाठी सात व सिनेटसाठी नऊ वर्षांचे नागरिकत्व लागते. १९४९ मध्ये नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ मध्ये प्रतिनिधिगृहावर निवडून आले. ते तेथील पहिले भारतीय वंशाचे सदस्य होत. बेळगावात वाढलेले, १९८८ मध्ये नागरिक झालेले मराठीभाषक श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून त्याच सभागृहात गेले.

निकालाची अंतिमता : फसवणूक किंवा बेकायदेशीर रीतीने मिळविलेले नागरिकत्व न्यायालयामार्फत रद्द करता येते, मात्र त्यासाठी स्पष्ट व निःसंदिग्ध पुरावा हवा, असे श्नायडरमन खटल्यात (१९४३), आणि नागरिकाच्या स्वेच्छेवाचून काँग्रेसला त्याचे नागरिकत्व काढून घेता येत नाही, असे अफ्रोयिम खटल्यात (१९६७) ठरले. हे दोन निकाल बगाई यांच्या हयातीत झाले नव्हते. राज्यसंस्थेने दिलेल्या शब्दाने तिलाही बांधून घेतले पाहिजे, हे तत्त्व पंडित यांच्या वाट्यास केवळ अपिलाची मुदत टळल्यामुळे आले होते. अफ्रोयिम निकालाने त्यास राज्यघटनेचा आधार दिला.