कुडाचे दार आणि रात्रीचा कायदा

माझे आजोबा वेसकर होते. गावाच्या वेशीला सागवानी दोन दारे, वर लोखंडी खिळे, आतून अडसर. दिवेलागणीला ती दारे लोटायची, रात्रभर जागायचे, परका माणूस दिसला तर हटकायचे, चोरी झाली तर माग काढायचा आणि पहाटे दारे उघडायची, हे त्यांचे काम. मोबदल्यात बलुते आणि घरोघर हिंडून मागितलेली भाकरी. हातात घुंगराची काठी. आजोबा जागे म्हणून गाव झोपे. पण त्यांचे स्वतःचे घर वेशीबाहेर होते आणि त्याला कुडाचे दार होते. शेणाने लिंपलेले, सुंभाने बांधलेले. लहानपणी मी त्यांना विचारले होते, गावाचे दार तुम्ही लावता, मग आपले कोण राखतो? ते म्हणाले, "चोर न्हाई यायचा रं आपल्याकडं. यायचंच झालं तर गावच यील."

महारकीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. परंपरेने सांगितलेले बावन्न हक्क, 1874 चा वतन कायदा, 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात मांडलेले दुरुस्ती विधेयक, 1958 चा कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा. हे सारे आपण अभ्यासवर्गात शिकवतो. पण जो जन्मभर दुसऱ्याची रात्र राखत होता त्याला स्वतःच्या रात्रीवर हक्क होता काय, हा प्रश्न मी फारसा कुठे वाचला नाही. बावन्न हक्कांत तो मला सापडला नाही. तो सापडला, तोही कागदावर, इंग्रजांच्या दंडसंहितेत.

1860 च्या भारतीय दंडसंहितेचे कलम 103 असे होते : जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, किंवा मृत्यूची अथवा जबर दुखापतीची वाजवी धास्ती वाटावी अशा रीतीने केलेला गृहातिक्रम, एवढ्या प्रसंगी घर राखणाऱ्याच्या हातून हल्लेखोर मेला तरी तो गुन्हा नव्हे. 1 जुलै 2024 पासून जुनी संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली; तिच्यात हीच तरतूद कलम 41 मध्ये आहे. रात्र म्हणजे काय याचीही व्याख्या कायद्याने केली आहे : सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी. नेमकी वेसकराची वेळ!

या तरतुदीचा जन्मही पाहण्यासारखा आहे. मेकॉलेच्या आयोगाने 1837 साली मसुदा दिला तेव्हा सोबतच्या टिपणात लिहिले की, या देशातले लोक दरोडेखोरांपुढे आणि गुंडांच्या टोळ्यांपुढे फार मुकाट्याने मान तुकवतात. म्हणून बचावाच्या हक्कावर जास्त बंधने न घालता लोकांच्या अंगी धीटपणा येईल असे पाहावे. साहेबाला इथली सहनशीलता दिसली. ती शिकवली कोणी, हे त्याने विचारले नाही. आणि त्याच राज्याने 1878 च्या शस्त्र कायद्याने लोकांची हत्यारेही काढून घेतली.

आता मी वाचकांना दूर, अमेरिकेत, डेट्रॉइट शहरात नेणार आहे. 1972 साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेला नाव घेतले. नाव घेतले, पण त्या माणसांचे खटले आपण फारसे वाचले नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

ऑसियन स्वीट हा गुलामांचा नातू. जन्म 1895, फ्लोरिडातल्या बार्टो गावचा. त्या गावात 1901 साली एका काळ्या तरुणाला जमावाने जिवंत जाळले. ते आपण झुडपात लपून पाहिले, असे तो पुढे सांगे. तो शिकला, डॉक्टर झाला, युरोपात जाऊन आला. 1925 साली त्याने डेट्रॉइटच्या गोऱ्या वस्तीत, गार्लंड रस्त्यावर, साडेअठरा हजार डॉलरला विटांचे घर घेतले. त्याच उन्हाळ्यात त्या शहरात आणखी काळ्या कुटुंबांना घरांतून हुसकले गेले होते. त्यांतल्या एका डॉक्टरला तर घरात पाऊल टाकल्या दिवशीच घर लिहून द्यावे लागले. आदल्या वर्षी क्लू क्लक्स क्लॅनचा पाठिंबा असलेला उमेदवार महापौर होता होता राहिला होता. स्वीट यांच्या शेजाऱ्यांनीही घाईघाईने एक 'सुधारणा मंडळ' काढले. सुधारणा हा शब्द तिकडेही असाच वापरतात, एवढे नोंदवून पुढे जातो.

8 सप्टेंबर 1925 रोजी स्वीट राहायला आले. सामानात बिछाने होते, थोडे अन्न होते आणि बंदुका व काडतुसे होती. लहान मुलीला त्यांनी आणले नव्हते. पहिली रात्र जमाव समोर उभा राहिला. दुसऱ्या रात्री घरात अकरा माणसे होती : डॉक्टर, त्यांची पत्नी ग्लॅडिस, दोन भाऊ ओटिस आणि हेन्री, बाकी मित्र व ओळखीचे. रस्त्यावर पोलीस होते, खुद्द इन्स्पेक्टर हजर होता. दगड पडू लागले, काचा फुटल्या. वरच्या मजल्यावरून गोळ्या सुटल्या. समोरच्या बाजूला उभा असलेला लिओन ब्रायनर नावाचा गोरा माणूस मेला, आणखी एक जखमी झाला. ब्रायनरला गोळी पाठीत लागली होती. तो दगड मारणाऱ्यांतला होता असे सिद्ध झाले नाही. त्याच्या बायकामुलांचे दुःख खोटे नव्हते. आपल्या बाजूचा इतिहास लिहितानाही हे गाळू नये. पोलिसांनी दगड मारणाऱ्या एकालाही धरले नाही. घरातल्या अकराही जणांना धरले आणि सर्वांवर खुनाचा खटला भरला.

काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेने बचाव हाती घेतला आणि क्लॅरन्स डॅरो या नामांकित वकिलाला उभे केले. न्यायाधीश फ्रँक मर्फी, ज्युरीचे बाराही पुरुष गोरे. सरकार पक्षाने साक्षीदारांची रांगच लावली. जो तो सांगे, गर्दी नव्हतीच, चार माणसे होती, कोणी फिरायला आला होता, कोणी चौकशीला. एक पोरगा मात्र बोलता बोलता घसरला. आधी पुष्कळ लोक म्हणून गेला आणि मग सावरून थोडे म्हणाला. डॅरोने उलटतपासणीत त्याला धरले, तेव्हा 'थोडे' हा शब्द पोलिसाने पढवला होता असे निघाले. आपल्या गावच्या पंचनाम्यांशी ज्याचा संबंध आला असेल त्याला हे ओळखीचे वाटेल.

पण या खटल्यातली खरी लढाई साक्षीदारांची नव्हती. धास्ती वाजवी होती की नाही, हा प्रश्न होता. सरकार पक्षाचे म्हणणे असे की, दोनचार दगडांनी कोणी बंदूक चालवतो काय? बचाव पक्षाने डॉक्टर स्वीटला पिंजऱ्यात उभे केले आणि त्याच्या मनात त्या रात्री काय काय होते ते विचारले. सरकारी वकिलाने हरकत घेतली. मर्फीने ती मानली नाही. मग स्वीट सांगत गेला : बार्टोचे जळते प्रेत, 1917 चे ईस्ट सेंट लुई, 1919 चे वॉशिंग्टन आणि शिकागो, 1921 चे टल्सा. दार उघडून पाहिले तेव्हा आपल्या लोकांच्या पाठीशी पिढ्यान्‌पिढ्या लागलेला तोच जमाव समोर दिसला, अशा अर्थाचे तो बोलला. एका माणसाच्या भीतीची मोजणी करताना त्याच्या जातीचा सारा इतिहास न्यायालयाने पुराव्यात घेतला. माझ्या मते विसाव्या शतकातली ही फार मोठी घटना आहे, आणि इतिहास शिकवणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी वर्गात सांगावी.

पहिल्या खटल्यात ज्युरीचे एकमत झाले नाही. मग एकट्या हेन्रीवर पुन्हा खटला चालला आणि मे 1926 मध्ये त्याच गोऱ्या ज्युरीपद्धतीने त्याला निर्दोष सोडले. 1927 च्या जुलैत उरलेल्यांवरील आरोपही काढून घेण्यात आले.

1927 म्हणजे आपले महाडचे वर्ष. 20 मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्यालेली माणसे मंडपात जेवत असताना त्यांच्यावर लाठ्या पडल्या. परिषदेला पलटणीतून निवृत्त झालेले महार होते. परत मारण्याची ताकद नव्हती असे नाही. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. कोणी याला मेकॉलेची ती मान तुकवणे म्हणेल. मला तसे वाटत नाही. महाडात आपण पाहुणे होतो, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याला विखुरलेल्या वाड्यांत, कुडाच्या दारांत परत जायचे होते. प्रत्येक वाडीभोवती गाव होते.

आणि आपल्या न्यायालयांची मोजणी? 25 डिसेंबर 1968 च्या रात्री तंजावरच्या किळवेणमणी गावी दलित शेतमजूर कुटुंबांतली 44 माणसे, बहुतेक बायका आणि मुले, एका झोपडीत आश्रयाला शिरली आणि झोपडीसकट जाळली गेली. खालच्या न्यायालयाने जमीनदारांना शिक्षा दिली; उच्च न्यायालयाने सोडून दिले. एवढ्या जमिनीचे धनी, त्यांतला एक तर मोटारीचाही मालक, स्वतः चालत जाऊन आग लावतील हे न्यायालयाला पटेना. डेट्रॉइटला मरणाऱ्याच्या बाजूचा इतिहास पुराव्यात आला. इथे मारणाऱ्याची प्रतिष्ठा आली.

1978 च्या जुलैत नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरे जळाली. लोक रात्री पोरे काखोटीला मारून रानात पळाले. कलम 103 तेव्हाही होते. पण त्याच्या शेजारीच 99 होते. सरकारी अधिकाऱ्यांकडे संरक्षण मागायला वेळ असेल तर बचावाचा हक्क नाही, असे ते सांगे. ज्याने फौजदाराची वाट पाहिली त्याचे घर गेले, ज्याने काठी उचलली त्याच्यावर दंगलीचा गुन्हा येण्याची भीती. कोणत्या कलमाने कोणाचे रक्षण केले याचा हिशेब वस्त्यावस्त्यांतून, जुन्या माणसांना विचारून, विद्यार्थ्यांनी जमवावा असे मला वाटते. ती माणसे आता थोडी उरली आहेत.

हा स्वीट खटला मी वर्गात सांगितला तेव्हा डॅरोवर, मर्फीवर प्रश्न येतील अशी माझी अपेक्षा होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, ते बाळ कुठे होते?"

आजीकडे होते, मी म्हणालो. पुढचे सांगावे की नाही, कळेना. मग सांगितले. ग्लॅडिसला क्षय झाला. तो तुरुंगातच जडला असे घरचे म्हणत. मुलगी 1926 मध्ये, दोन वर्षांची असताना, त्याच रोगाने गेली. ग्लॅडिस 1928 मध्ये गेली. डॉक्टर नंतर गार्लंड रस्त्यावरच्या त्या घरात परत राहायला गेला आणि बरीच वर्षे राहिला. 1958 साली त्याने ते विकले, आणि 1960 साली स्वतःवर गोळी झाडून घेतली.