गणेशखिंडीची बाग आणि गुलाबाची मालकी

मागच्या वेळी आपण गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यापाशी थांबलो होतो. कापसाच्या तेजीच्या दिवसांत बार्टल फ्रिअर यांनी तो बांधायला घेतला, आज ती विद्यापीठाची मुख्य इमारत. तिथून औंधच्या बाजूला निघालं की एक बाग लागते, १८७३ सालची. जॉर्ज मार्शल वुड्रो हे तिथले अधीक्षक. आंब्यावर आणि बागकामावर त्यांची पुस्तकं आहेत.

आम्ही तत्त्वज्ञानवाले या बागेकडे वळलो ते कलमामुळे. मुळं एका झाडाची, फूल दुसऱ्याचं. मग झाड कोणाचं म्हणायचं? हा प्रश्न आंब्यापेक्षा गुलाबात जास्त टोचतो. गुलाबाचं बी पेरलं तर आईसारखं झाड येत नाही. म्हणून पैदासकार दोन जातींचा संकर करतो, हजारो रोपं वाढवतो आणि त्यातलं एखादंच ठेवतो. यात सात-आठ वर्षं सहज जातात. आणि ते एक रोप हातचं सुटलं की कोणीही कसबी माळी डोळे भरून त्याची शंभर करतो!

यावर अमेरिकेने १९३० साली वनस्पतींसाठी पेटंटचा कायदा केला. १९३१ मध्ये पहिलं पेटंट मिळालं ते एका वेली गुलाबाला, 'न्यू डॉन'ला. आपल्याकडे कायदा आला २००१ मध्ये. पैदासकाराबरोबर शेतकऱ्याचे हक्कही त्यात लिहिले गेले, हे आम्हाला मोलाचं वाटतं.

आता गणेशखिंडीकडे परत येऊ. इथे पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं फुलांवरचं संशोधन चाललं. ॲस्टरच्या 'फुले गणेश व्हाइट', 'फुले गणेश पिंक' या जाती त्यातल्याच. नावात जोतीराव आहेत, खिंडीतला गणेशही आहे. (शिवाय 'फुले' म्हणजे फुलंच की!) ॲस्टर बियांवर येतो. शेतकऱ्याने बी धरलं की पुढच्या वर्षीची सोय झाली.

गुलाबाचं तसं झालं नाही. देशात गुलाबाच्या उत्तम जाती काढल्या त्या दिल्लीच्या बी. पी. पाल यांनी. ते मुळात गव्हाचे शास्त्रज्ञ, गुलाब हा त्यांचा छंद. 'डॉ. होमी भाभा' हा पांढरा गुलाब त्यांचाच. पण धंद्याचा गुलाब छंदावर चालत नाही. आज मावळातली हरितगृहं व्हॅलेंटाइन डेसाठी लाल 'टॉप सीक्रेट' परदेशी धाडतात. माती मावळची, कष्ट आपल्या बायाबापड्यांचे, जात मात्र बाहेरून आलेली. परदेशी पैदासकाराने रॉयल्टी मागितली तर त्यात अन्याय आहे असं आम्ही म्हणणार नाही. सात-आठ वर्षं त्याने घातली आहेत. आमची तक्रार वेगळी आहे. तेवढी वर्षं थांबायची तयारी आपण, शंभर वर्षांहून जुनी बाग हाताशी असताना, का दाखवली नाही?

२०२० मध्ये ही बाग जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाली. तिथले जुने वृक्ष आता राहतील. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मार्केट यार्डात गेलात तर ॲस्टरच्या ढिगापाशी थोडं थांबा आणि विक्रेत्याला जात विचारा. आम्ही विचारली होती. "पांढरा आहे, घ्या," एवढंच तो म्हणाला. पलीकडच्या गाळ्यावर वीस-वीस गुलाबांच्या गड्ड्या होत्या. तिथल्या पोराला प्रत्येक जातीचं नाव पाठ होतं.