एका ‘एखाद्या’ची कुळकथा

मीरा रोडच्या एका महाविद्यालयात मी वाणिज्य शिकवते. परीक्षेआधी प्रकल्पांचा गठ्ठा पिशवीत घालून भाईंदरला घरी आणते आणि आठवडाभर तपासत बसते. विषय वित्त असो, विपणन असो, व्यवसायनीती असो की मालवाहतूक, गठ्ठ्यात मुंबईचे डबेवाले येतातच. ते आले की पाठोपाठ हेही वाक्य येतं : ‘फोर्ब्ज मासिकाने डबेवाल्यांना सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिले आहे.’ पुढे आकडा असतो. कुणाचा 60 लाख डब्यांत एक चूक, कुणाचा 80 लाखांत, कुणाचा 1 कोटी 60 लाखांत. प्रमाणपत्र एकच आणि आकडे तीन, हे मला कधी पटलं नाही.

सुगावा मात्र भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात लागला. आमच्याकडे स्टीलची भांडी घडवणारे असे गाळे पुष्कळ आहेत. पत्रा कापायचा, प्रेसखाली दाबायचा, मग झिलई. मुलांना घेऊन तिथे गेले होते. एका मुलीनं कारागिराला विचारलं, “काका, किती माल बाद होतो?” हात न थांबवता ते म्हणाले, “शंभरात एखादं भांडं.” तिनं वहीत लिहिलं : दोषप्रमाण 1 टक्का. अहवालात तेच आलं, तक्त्यासकट.

काकांनी टक्केवारी सांगितलीच नव्हती. ‘फारसं नाही गं’ एवढंच त्यांना म्हणायचं होतं. तिची वही बघताना मला डबेवाल्यांचा आकडा आठवला, आणि त्याचंही असंच झालं असेल का, हे शोधायला मी बसले.

डबेवाल्यांचा ठाऊक असलेला इतिहास एका दमात सांगते. 1890 च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरुवात केली, मावळ-जुन्नर-खेडकडची माणसं आली, 1956 मध्ये ट्रस्ट झाला, 2003 मध्ये प्रिन्स चार्ल्स चर्चगेटला भेटून गेले. सिग्माचंही तसंच. मूळ ग्रीक अक्षर. कार्ल पिअर्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते प्रमाण विचलनासाठी वापरलं आणि 1986 च्या सुमारास मोटोरोलाच्या बिल स्मिथ यांनी त्यावरून कारखान्यातल्या गुणवत्तेची ‘सिक्स सिग्मा’ ही पद्धत उभी केली. आपला प्रश्न वेगळा आहे : मोटोरोलाचं हे अक्षर मावळच्या माणसांच्या गांधी टोपीवर बसलं कसं?

पुष्कळजण हार्वर्डचं नाव घेतात. तारखाच जुळत नाहीत. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉमके यांचा डबेवाल्यांवरचा अभ्यास 2010 चा, आणि सिक्स सिग्माची आख्यायिका त्याआधी किमान सात-आठ वर्षं फिरत होती. म्हणजे हार्वर्ड बाद. फोर्ब्जचं नाव निदान योग्य दिशेला नेतं. ऑगस्ट 1998 च्या फोर्ब्जमध्ये सुब्रत चक्रवर्ती यांचा डबेवाल्यांवर लेख आला होता. पण त्यात प्रमाणपत्र नाही. सिक्स सिग्मा हा शब्ददेखील नाही.

पुढे चक्रवर्तींनी स्वतःच हा गुंता सोडवून सांगितला. तेव्हा रोज सुमारे पावणेदोन लाख डबे जात-येत होते. चूक किती वेळा होते, असं त्यांनी संघटनेच्या प्रमुखांना विचारलं. उत्तर आलं, जवळजवळ कधीच नाही, फार तर दोन महिन्यांतून एकदा. बाकीचं चक्रवर्तींनी गणितानं केलं. ते आपणही करून पाहू. दोन महिन्यांतले कामाचे 46 दिवस धरले, तर पावणेदोन लाख गुणिले 46 म्हणजे 80 लाख 50 हजार. हाच तो 80 लाखांतल्या एका चुकीचा आकडा. रिकामा डबा परत येतो, ती फेरीही मोजली की 1 कोटी 60 लाख.

मग 2002 मध्ये एका परिषदेत कुण्या वार्ताहरानं संघटनेच्या प्रमुखांना विचारलं, तुम्ही सिक्स सिग्मा आहात का? हे काय असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. अब्जात दोनाच्या आत चुका, असं समजावल्यावर ते म्हणाले की मग आम्ही आहोत, फोर्ब्जला विचारा. वार्ताहरानं फोर्ब्जला विचारलं नाही, छापून टाकलं. पुढच्यानं आधीच्याचं उचललं, आणि ती ओळ आजही माझ्या गठ्ठ्यात उतरते.

त्या परिषदेतल्या मापानंच मोजलं तर दावा टिकत नाही. 80 लाखांत एक म्हणजे अब्जात 125, आणि परतीची फेरी धरून साडेबासष्ट. दोनाच्या आत काही ते येत नाही. मोटोरोलाच्या चालू व्यवहारातलं माप सैल आहे, 10 लाखांत 3.4 चुका. त्यात मात्र डबेवाले सत्तावीस पटींनी उत्तीर्ण होतात. पण दोन्ही हिशेबांचा पाया एकच, तोंडी सांगितलेलं एक वाक्य.

आता माझा तर्क. चक्रवर्तींनी इंग्रजीत सांगितलं असलं, तरी ते उत्तर देणाऱ्याच्या मनात मराठीतच उमटलं असणार, आणि ते असंच असणार : “दोन महिन्यांतून एखादी चूक.” आपल्या बोलण्यात संख्या नेहमी मोजणीसाठी येत नाहीत. चार लोक काय म्हणतील, याचा अर्थ पाचवा गप्प बसेल असा नसतो. दोन घास खाऊन जा म्हणणारी तिसरा घास हिसकावून घेत नाही. सतरा वेळा सांगितलं म्हणणाऱ्या आईनं सोळा आणि एक मोजलेले नसतात. ‘दोन महिन्यांतून एखादी’ हे त्याच घराण्यातलं आहे.

त्यात ‘एखादा’ हा तर एक नव्हेच. या शब्दाच्या व्युत्पत्तीच्या दोन वाटा मला दिसतात. एक म्हणजे ‘एक’ आणि ‘आदि’, एक वगैरे. ती सरळ आहे, पण मग क चा ख कसा झाला, हे ती सांगत नाही. मला पटते ती दुसरी : ‘एक’ आणि ‘अर्ध’. हिंदीतल्या ‘एकाध’मध्ये तो अर्धा उघड दिसतो. मराठीत ध मधला हकार उडी मारून मागच्या क वर बसला आणि ‘एकाधा’चा ‘एखादा’ झाला. हकाराच्या अशा उड्या आपल्याला नव्या नाहीत. गर्दभातल्या भ चा श्वास ढ मध्ये शिरला, म्हणून तर गाढव. हे खरं मानलं तर ‘एखादी चूक’ म्हणजे एक किंवा अर्धी चूक, आणि जगभर मिरवलेल्या त्या आकड्याच्या तळाशी एक अर्धा लपलेला आहे.

कुणी म्हणेल, मुलाखत हिंदीत झाली असेल. असू दे, हिंदीतही ‘एकाध’च येणार. कुणी म्हणेल, दुभाष्यानं सांगितलं असेल. पण चक्रवर्तींनी इंग्रजीत सांगितलेल्या उत्तरातही ‘जवळजवळ’ आणि ‘फार तर’ टिकून राहिले आहेत. भाषांतरातही न धुतलेला तो ‘एखादी’चाच डाग असावा, असं मला वाटतं.

यानं डबेवाले लहान होत नाहीत. झाकणाच्या मधोमध मोठा आकडा, तो डबा कुठल्या भागात जायचा त्याचा. कडेला इमारत, मजला आणि पोचवणारा माणूस यांच्या खुणा. रंगावरून नि आकारावरून निघण्याचं स्टेशन. लोकल फलाटावर थांबते तेवढ्या सेकंदांत डबे चढतात आणि उतरतात. एक डबा दिवसात अनेक हातांतून जातो आणि संध्याकाळी आपल्याच घरी येतो. थॉमके यांनी अभ्यासली ती ही व्यवस्था आणि ती पेलणारी माणसं. मार्च 2020 मध्ये लोकल थांबल्या तेव्हा हा धंदाही थांबला, आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा माणसं आणि डबे दोन्ही खूप कमी झाले होते. प्रकल्पांत मात्र अजून दोन लाख डबे आणि पाच हजार माणसं आहेत. मला हे जास्त लागतं. ज्यांचं कौतुक करायचं, त्यांच्याकडे बघायचंही नाही, हे व्यवसायनीतीच्या कुठल्या धड्यात बसतं?

म्हणून यंदा प्रकल्प लिहिणाऱ्या मुलांना आणि तो तपासणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे. ‘फोर्ब्जने प्रमाणपत्र दिले’ हे वाक्य खोडा. त्या जागी लिहा : ‘चूक फार तर दोन महिन्यांतून एकदा होते, असे संघटनेच्या प्रमुखांनी एका पत्रकाराला सांगितल्यावरून 1998 मध्ये हा आकडा काढण्यात आला.’ आणि चर्चगेटला उतरलात, तर एखाद्या डबेवाल्याला आज किती डबे आहेत ते विचारा. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, तारीख घालून, लिहून घ्या.