रेकॉर्डर आपला, पण रेकॉर्डिंग कुणाचं?

फील्डवर्कला निघण्याआधी एक प्रश्न जवळजवळ सगळ्यांनाच पडतो: रेकॉर्डर कुठला घ्यायचा? उत्तरं बहुतेक वेळा किंमत, बॅटरी आणि माइक यांच्याभोवती फिरतात. ती कामाची आहेतच. पण माझ्या संशोधनाचा विषय ध्वनिमुद्रणाच्या साधनांचा इतिहास असल्यामुळे मला त्याच्याही आधी एक प्रश्न विचारावासा वाटतो. यंत्रात गेलेला आवाज बाहेर कसा काढायचा, आणि तो काढू द्यायचा की नाही हे कोण ठरवतं?

प्रश्न विचित्र वाटेल. आज आपण मेमरी कार्ड काढतो, लॅपटॉपला लावतो, फाईल कॉपी करतो, संपलं. पण हातात मावणाऱ्या डिजिटल रेकॉर्डरच्या पहिल्या वीसेक वर्षांत गोष्ट इतकी सरळ नव्हती. यंत्र तुमचं, त्यात बोललेला माणूस तुमच्या ओळखीचा, आणि तरी त्या आवाजाच्या किती प्रती निघतील हे ठरलेलं असायचं अमेरिकेतल्या एका भांडणामुळे, ज्याच्याशी तुमचा काडीचाही संबंध नव्हता. आजचा लेख त्या भांडणाबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी

यंत्र घेऊन लोकांकडे जाण्याची सुरुवात १८९० सालची. जेसी वॉल्टर फ्यूक्स हा अमेरिकन अभ्यासक एडिसनचा फोनोग्राफ घेऊन मेन राज्यात गेला आणि त्याने पासामाक्वोडी लोकांची गाणी आणि कथा मेणाच्या नळकांड्यांवर उतरवल्या. एका नळकांड्यावर जेमतेम दोन-तीन मिनिटं मावत. आपल्याकडे ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात ग्रामोफोनच्या तबकड्या तयार झाल्या. त्यात भारतातल्या अनेक भाषांचे आणि बोलींचे नमुने आहेत. तिथेही वेळ तबकडीएवढाच. कथा लांबली की कापायची, दुसरा इलाज नव्हता.

हे चित्र खऱ्या अर्थाने बदललं ते कॅसेटमुळे. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली आणि पुढच्या वीस वर्षांत ती जगभर पोचली. कॅसेटचा एक मोठा गुण आपण विसरतो. गाणाऱ्या बाईला तिच्याच गाण्याची प्रत द्यायची असेल, तर दोन टेपरेकॉर्डर जोडले की झालं. कुणाची परवानगी नको, कसलं सॉफ्टवेअर नको. दोष एवढाच, की कॉपीवरून कॉपी काढत गेलं की खरखर वाढत जायची. या खरखरीकडे लक्ष ठेवा. पुढचं सगळं रामायण तिच्यावरूनच झालं.

बिनखरखरीच्या कॉपीची भीती

१९८७ साली जपानमध्ये डॅट, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप, बाजारात आली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट, पण आत आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेला. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा. आकड्यांची कॉपी केली की आकडे तेच राहतात, म्हणून दहावी कॉपीही पहिलीसारखीच.

संशोधकाच्या दृष्टीने ही पर्वणी होती. रेकॉर्ड कंपन्यांच्या दृष्टीने संकट. सीडीवरून डॅटवर हुबेहूब प्रती निघाल्या तर आपली विक्री बुडेल, असं त्यांना वाटलं. सीबीएस कंपनीच्या प्रयोगशाळेने तोडगा काढला, त्याचं नाव 'कॉपीकोड'. संगीतातला ३,८०० हर्ट्झच्या आसपासचा एक अरुंद पट्टा कापून टाकायचा आणि रेकॉर्डरमधल्या चिपला तो पट्टा गायब दिसला की रेकॉर्डिंग बंद. अमेरिकन संसदेच्या सांगण्यावरून तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने त्याची चाचणी घेतली. १९८८ साली निष्कर्ष आला, की ही पद्धत नीट काम करत नाही, संगीतावर परिणाम करते आणि तिला सहज बगल देता येते. कॉपीकोड बारगळला. गंमत बघा, त्याच वर्षाच्या सुरुवातीला सोनीने सीबीएसचा रेकॉर्ड विभाग विकत घेतला. म्हणजे डॅटची यंत्रं बनवणारी आणि डॅटला घाबरणारी कंपनी एकाच छताखाली आल्या.

१९८९ मध्ये यंत्र बनवणारे आणि रेकॉर्ड कंपन्या यांच्यात अथेन्सला समझोता झाला, आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये अमेरिकेत 'ऑडिओ होम रेकॉर्डिंग अॅक्ट' हा कायदा झाला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, घरगुती डिजिटल रेकॉर्डरवर २ टक्के आणि कोऱ्या डिजिटल टेप-डिस्कवर ३ टक्के आकार, जो संगीत व्यवसायाला वाटला जाईल. दोन, अशा प्रत्येक यंत्रात 'सीरियल कॉपी मॅनेजमेंट सिस्टिम' असलीच पाहिजे. या दुसऱ्या गोष्टीचा फटका आपल्यासारख्यांना बसला.

स्वतःच्याच रेकॉर्डिंगवर पहारा

ही सिस्टिम काय करायची? रेकॉर्डिंगमध्ये आवाजासोबत एक छोटी खूण लिहिली जायची: याची डिजिटल कॉपी चालेल, एकदाच चालेल, की अजिबात चालणार नाही. सीडीवरून काढलेल्या कॉपीची पुन्हा डिजिटल कॉपी होत नसे, तो तर उद्देशच होता. पण माइकने केलेल्या रेकॉर्डिंगचं काय? यंत्राला बिचाऱ्याला कसं कळणार, की माइकसमोर आजीबाई बसल्या आहेत की स्पीकरवर कुणाची तबकडी वाजते आहे? म्हणून घरगुती यंत्रांत माइकच्या रेकॉर्डिंगवरही खूण पडायची. त्याची एक डिजिटल कॉपी काढता येई, पण त्या कॉपीची पुढे दुसऱ्या घरगुती यंत्रावर कॉपी होत नसे.

व्यावसायिक यंत्रं या बंधनातून मोकळी होती, पण ती महाग. म्हणजे स्टुडिओला आणि पैसेवाल्या संस्थेला वाट खुली, आणि वॉकमनएवढा डॅट घेऊन फिरणाऱ्या विद्यार्थ्यावर पहारा. कायदा करणाऱ्यांच्या मनात संशोधक नव्हताच. त्यांच्यासमोर दोनच पात्रं होती: गाणी विकणारा आणि गाणी चोरणारा. लोकगीतं गोळा करणारा, मुलाखती घेणारा, पक्ष्यांचे आवाज टिपणारा, हे सगळे आपोआप दुसऱ्या रांगेत जाऊन बसले.

याशिवाय डॅटचं स्वतःचं दुखणं होतं. आत व्हिडिओ रेकॉर्डरसारखं वेगाने फिरणारं हेड असे. दमट हवेत त्यावर बाष्प धरलं की यंत्र थांबे आणि सुकेपर्यंत चालत नसे. कॅसेट जुनी झाली की आवाज मंद होतो, पण ऐकू येतो. डॅट बिघडली की मधेच आवाज तुटतो किंवा पूर्ण शांतता. सोनीने २००५ मध्ये डॅटची यंत्रं बनवणं थांबवलं, तेव्हा जगभरच्या संग्रहांसमोर एकच प्रश्न उभा राहिला: टेप आहेत, पण त्या वाजवायच्या कशावर?

मिनीडिस्क: आत जायला दार, बाहेर यायला फट

अमेरिकेत कायदा झाला त्याच सुमारास, नोव्हेंबर १९९२ मध्ये, सोनीने मिनीडिस्क बाजारात आणली. प्लॅस्टिकच्या डबीतली छोटी डिस्क, ७४ मिनिटांचं रेकॉर्डिंग, तुकडे पाडता येतात, नावं देता येतात. स्वस्त आणि सुटसुटीत, म्हणून पत्रकार, संगीताचे विद्यार्थी आणि फील्डवर्क करणारे यांच्यात ती लोकप्रिय झाली.

पण इतक्या छोट्या डिस्कवर सीडीएवढा वेळ बसवायचा तर काहीतरी फेकावं लागणार. मिनीडिस्क मूळ माहितीचा साधारण पाचवा हिस्सा ठेवायची. काय फेकायचं हे 'अॅट्रॅक' नावाची पद्धत ठरवायची, आणि तिचा आधार होता माणसाचा कान: मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज झाकला जातो तो ऐकूच येत नाही, मग साठवा कशाला? गाणं ऐकण्यापुरता हा तर्क बरोबर आहे. पण संशोधनात आज बिनकामाचा वाटणारा आवाज उद्या पुरावा ठरू शकतो. बोलणाऱ्याच्या मागचा चुलीचा, गुरांचा, जात्याचा आवाज यात मोडतो. म्हणूनच उच्चारांचं बारीक मोजमाप करणाऱ्या अभ्यासकांमध्ये मिनीडिस्क वापरावी की नाही यावर वाद झाले.

खरी अडचण मात्र पुढे होती. बहुतेक छोट्या मिनीडिस्क रेकॉर्डरना डिजिटल आउटपुटच नव्हतं. २००१ मध्ये यूएसबी जोडणी असलेली 'नेट एमडी' आली. लोकांना वाटलं, सुटलो. पण वाहतूक एकेरी होती! संगणकावरची गाणी डिस्कवर नेता येत, डिस्कवरची स्वतःची मुलाखत संगणकावर आणता येत नसे. मग उपाय काय, तर हेडफोनच्या भोकातून वायर काढायची, संगणकाला जोडायची आणि तासाचं रेकॉर्डिंग तासभर वाजवत बसायचं.

२००४ च्या 'हाय-एमडी'मध्ये १ जीबीची डिस्क आली, काहीही न फेकता रेकॉर्डिंग करता येऊ लागलं आणि संगणकावरही नेता येऊ लागलं. मात्र कंपनीच्याच सॉफ्टवेअरमधून, आणि सुरुवातीला एका रेकॉर्डिंगला एकदाच. पुढे बंधनं सैल होत गेली. जुन्या मिनीडिस्कवरची रेकॉर्डिंग थेट संगणकावर घेणारं एमझेड-आरएच१ हे मॉडेल आलं २००६ मध्ये. म्हणजे मिनीडिस्क बाजारात आल्यानंतर चौदा वर्षांनी!

पहारा उठला कसा?

तो कुणी समजूतदारपणे उठवला नाही. दार दुसऱ्याच बाजूने उघडलं. १९९८ मध्ये डायमंड कंपनीने 'रिओ' नावाचा ३२ एमबीचा एमपीथ्री प्लेअर काढला. रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने दावा लावला, की १९९२ चा कायदा यालाही लागू आहे. जून १९९९ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. रिओ संगणकाच्या हार्ड डिस्कवरून फाईल घेतो, आणि संगणक व हार्ड डिस्क या कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत, असा त्याचा सारांश. टेप आणि डिस्कवर पहारा राहिला, पण साधी फाईल त्यातून निसटली.

पुढच्या काही वर्षांत मेमरी कार्डवर साधी वेव्ह फाईल लिहिणारे रेकॉर्डर आले: सोनीचा पीसीएम-डी१ २००५ मध्ये, झूमचा एच४ २००६ मध्ये. कार्ड काढा, संगणकाला लावा, हव्या तितक्या प्रती करा. आज आपल्याला हे इतकं स्वाभाविक वाटतं, की त्यामागे काही इतिहास असेल असंही मनात येत नाही.

मग आपण यातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट पद्धतीची. जुनं रेकॉर्डिंग अभ्यासताना आपण गायक कोण, गाव कुठलं, साल कुठलं हे लिहितो. त्यासोबत यंत्र कुठलं हेही लिहा. कागदपत्र वापरताना ते कुणी आणि कशासाठी लिहिलं हे आपण तपासतोच ना? रेकॉर्डिंगचंही तसंच आहे. हे यंत्र कुणासाठी बनवलं होतं, ते काय गाळत होतं आणि त्यातून आवाज बाहेर यायची वाट कोणती होती, या तीन प्रश्नांवर सिनॉप्सिसमधला एक चांगला परिच्छेद उभा राहतो.

दुसरी गोष्ट प्रतींची. जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बर्नार बेल त्यात आले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणाची टिपणांसह मांडणी झाली. आज त्या ओव्या 'पारी'च्या संकेतस्थळावर गायिकांच्या नावांसकट ऐकता येतात. आता नुसता हिशेब करून बघा. एवढं ध्वनिमुद्रण ७४ मिनिटांच्या मिनीडिस्कवर असतं तर ९८ डिस्क लागल्या असत्या, आणि वायर लावून ते बाहेर काढायला पूर्ण १२० तास. तेच डॅटच्या दर्जाच्या फाईलींमध्ये असेल तर साधारण ८३ जीबी, म्हणजे एका पेनड्राइव्हवर बसतं आणि ओवी गाणाऱ्या बाईच्या नातीच्या फोनपर्यंत पोचू शकतं. प्रत काढता येणं ही केवळ तांत्रिक सोय नाही. ज्यांचा आवाज घेतला त्यांना तो परत देता येईल की नाही, हे त्यावर ठरतं.

तिसरी गोष्ट आजची. बंधनं संपली आहेत असं समजू नका, त्यांची जागा बदलली आहे. मोबाईलमधलं एखादं अॅप रेकॉर्डिंग स्वतःच्याच क्लाउडवर ठेवतं आणि वर्गणी थांबली की दार बंद करतं. व्हॉट्सअॅपवरचा व्हॉइस मेसेज आवाज दाबून छोटा करतो. नव्या रूपातली मिनीडिस्कच ही! म्हणून फील्डवर जाण्याआधी घरीच पाच मिनिटं रेकॉर्ड करा, फाईल बाहेर काढा, दुसऱ्याच्या संगणकावर वाजवून बघा. वेव्ह फाईल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सांगितलेला किमान दर्जा हाच आहे. आणि संध्याकाळी मुक्कामी परतलात की जेवायच्या आधी दोन प्रती, वेगवेगळ्या ठिकाणी.

एवढं करून मग किंमत, बॅटरी आणि माइक यांचा विचार करा. काही विचारायचं असेल तर खाली लिहा.