कुर्तुब्यातला लठ्ठ राजा आणि शस्त्रक्रियेचा लांबचा हिशेब

वजन कमी करण्याची जगातली पहिली शस्त्रक्रिया दहाव्या शतकात मुस्लिम स्पेनमध्ये झाली, असा दावा अधूनमधून वाचायला मिळतो. शल्यविशारदांच्या काही लेखांतही तो आला आहे. राजाचे ओठ शिवून टाकले आणि नळीने औषध पाजले, असे त्यात सांगितलेले असते. आपल्या लोकांना अशा गोष्टी अभिमानाच्या वाटतात. म्हणूनच त्या आधी तपासून पाहिल्या पाहिजेत.

राजा खरा आहे. उत्तर स्पेनमधल्या लिओन राज्याचा हा पहिला सांचो. इतिहासात तो 'लठ्ठ सांचो' म्हणूनच ओळखला जातो. 958 मध्ये सरदारांनी त्याला गादीवरून काढले. त्याची आजी, नवाराची राणी तोदा, मोठी धोरणी बाई होती. तिने थेट कुर्तुब्याचा खलिफा तिसरा अब्दुर्रहमान याच्याकडे मदत मागितली. खलिफाने आपला यहुदी हकीम आणि मुत्सद्दी हसदाई इब्न शप्रुत याला या कामावर नेमले. उपचारासाठी राजाला कुर्तुब्याला आणण्यात आले. मदतीच्या बदल्यात दहा किल्ले देण्याचे ठरले. राजाचे वजन उतरले आणि 960 मध्ये मुस्लिम फौजेच्या बळावर तो पुन्हा गादीवर बसला.

आता पुरावा पाहू. अस्तोर्गाचा बिशप साम्पिरो याची बखर या घटनेला जवळची आहे. मुसलमानांनी एक वनस्पती आणली आणि राजाच्या पोटाची चरबी घालवली, एवढेच तो लिहितो. त्यात सुई-दोरा नाही की शस्त्रक्रिया नाही. म्हणून 'पहिली शस्त्रक्रिया' हा मान आपण सोडून द्यावा, असे माझे मत आहे. मुस्लिम खलिफा, यहुदी हकीम आणि ख्रिस्ती रुग्ण एका दरबारात एकत्र आले, हा खरा इतिहास पुरेसा मोठा आहे.

मला मात्र दुसरा प्रश्न पडतो. पुढे काय झाले? सांचो 966 मध्ये वारला, विषप्रयोगाने असे सांगतात. मधल्या सहा वर्षांत त्याचे वजन परत वाढले का, हे बखरकारांनी लिहिले नाही. किल्ल्यांचा हिशेब राहिला, देहाचा राहिला नाही. लठ्ठपणाच्या उपचारांच्या आधुनिक इतिहासातही बराच काळ हेच घडत आले.

1954 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या शल्यविशारदांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्नाला जवळची वाट काढून देणारी शस्त्रक्रिया मांडली. वजन झपाट्याने उतरले आणि ही पद्धत पसरली. पण काही वर्षांनी रुग्ण परत येऊ लागले. कुणाला न थांबणारे जुलाब, कुणाला मुतखडे, सांधेदुखी, तर कुणाचे यकृत निकामी. काही दगावले. अनेकांना पुन्हा ऑपरेशन करून आतडे पूर्ववत जोडून घ्यावे लागले. 1980 च्या सुमारास ही पद्धत जवळजवळ बंद पडली.

दरम्यान आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये वेगळी वाट धरली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण बारीकच राहतात, हे त्यांना माहीत होते. त्यांनी जठराची लहान पिशवी करून ती आतड्याला जोडली. आजच्या गॅस्ट्रिक बायपासचे मूळ इथे आहे. मेसन यांचे आणखी एक काम मला तितकेच मोलाचे वाटते. पुढे त्यांनी अशा रुग्णांची देशव्यापी नोंदवही सुरू केली. ऑपरेशननंतरची वर्षे लिहून ठेवली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते.

हा हिशेब सर्वांत चिकाटीने स्वीडनमध्ये ठेवला गेला. 1987 पासून तिथे शस्त्रक्रिया झालेले 2010 जण आणि न झालेले, तशाच वजनाचे 2037 जण यांच्यावर नजर ठेवण्यात आली. 2007 मध्ये निष्कर्ष आला. सरासरी अकरा वर्षांच्या आसपास पहिल्या गटात 101 मृत्यू होते, दुसऱ्या गटात 129. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या नव्वद दिवसांत पाच रुग्ण दगावले होते, तेही या 101 मध्ये धरलेले आहेत. 2020 मध्ये आणखी लांबचा हिशेब आला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुष्य दुसऱ्या गटापेक्षा सुमारे तीन वर्षांनी वाढले होते. तरी सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. शिवाय त्यातल्या बहुतेकांवर झालेली शस्त्रक्रिया आज मागे पडली आहे, हेही लक्षात ठेवायला हवे.

मधुमेहाचे पाहा. याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेहींपैकी 72 टक्के लोक दोन वर्षांनी रोगमुक्त दिसले. दहा वर्षांनी ते प्रमाण 36 टक्क्यांवर आले. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या अभ्यासात एकूण मृत्यू 40 टक्क्यांनी घटले, पण अपघात, आत्महत्या अशा आजाराव्यतिरिक्त कारणांनी होणारे मृत्यू 58 टक्क्यांनी जास्त आढळले. म्हणजे उपचार खरा आहे, फायदाही खरा आहे, पण ऑपरेशनच्या दिवशी तो पूर्ण होत नाही. लोह, बी-12, कॅल्शियम यांच्या गोळ्या, रक्ततपासण्या आणि मनाची काळजी जन्मभर घ्यावी लागते.

हे सारे लिहिण्याचे कारण आहे. आज आपल्या शहरांतही ही ऑपरेशने होतात. जाहिरातीत आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो असतात, दहा वर्षांनंतरचा तिसरा नसतो. दुसरीकडे, जाड माणसाला घरचेच लोक 'तोंडाला आवर घाल' म्हणून टोचतात आणि ऑपरेशन केले तर आळशी ठरवतात. ओठ शिवण्याची गोष्ट लोकांना पटकन खरी वाटते, तिच्यामागेही हीच वृत्ती असावी. लठ्ठपणा हा गुन्हा आणि तोंड शिवणे ही त्याची शिक्षा!

ज्यांना हा निर्णय घ्यायचा आहे त्यांनी डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारावेत. तुमचे किती रुग्ण पाच वर्षांनंतरही तपासणीला येतात? गुंतागुंत झाली तर खर्च कोणाचा? रमजानचे रोजे कधीपासून ठेवता येतील? लहान झालेल्या जठराला पाणी दिवसभर घोटाघोटाने लागते, त्यामुळे हा प्रश्न विचारायला संकोच करू नये. आजारी माणसाला रोजे पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे.

सांचोच्या नशिबी असे विचारणे नव्हते. त्याला फक्त घोड्यावर बसून गादी परत मिळवायची होती. आपल्याला त्यानंतरची वर्षेही जगायची असतात.