सांधलेले हाड आणि आखडलेला हात



बारामती-इंदापूरचा मुलूख हा अंगमेहनतीचा मुलूख. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इकडे खेळू लागले, त्यामागून ऊस आला, गुऱ्हाळे आली, आणि पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. उसाबरोबर उसाची दुखणीही आली. दिवसभर वाकून कोयता चालवणाऱ्याच्या कमरेत उसण भरते. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणाऱ्या बाईचा पाय सटकतो, खांदा उतरतो, मनगट मोडते. अशा वेळी माणूस जात असे तो हाडवैद्याकडे, नाहीतर तालमीतल्या वस्तादाकडे. अजूनही पुष्कळजण जातात.

या मंडळींना हसण्याचे कारण नाही. मुरगळलेल्या पैलवानाला जाणता वस्ताद एकदम जोडीला उतरवीत नाही. आधी थोड्या बैठका, मग जोर, मग हलकी झोंबी, अशी पायरी-पायरीने तो चढण लावतो. कांबट्या बांधण्याची विद्या तर त्याहून जुनी. सुश्रुतसंहितेत मोडलेले हाड आणि निसटलेला सांधा असे दोन वेगळे प्रकार केले आहेत, त्यांचे पोटभेद दिले आहेत, आणि बांधणी फार सैल नको, फार घट्टही नको, हे स्पष्ट बजावले आहे. पण मला त्यातली खरी नवलाची गोष्ट वाटते ती पुढेच. तळहाताचे हाड मोडून सांधले, की रोग्याने प्रथम मातीचा गोळा हातात धरावा, मग मिठाचा खडा, आणि हातात बळ आले म्हणजे दगड, असे ग्रंथकार सांगतो. म्हणजे हाड सांधले तरी उपचार संपत नाही, हात कामाला लागेपर्यंत तो चालतो, हे त्याने ओळखले होते.

खेड्यापाड्यांत कांबट्या तेवढ्या उरल्या. मातीचा गोळा विसरला गेला, आणि पुष्कळ ठिकाणी ते बजावणेही. झाडावरून पडलेल्या पोराचे कोपर करकचून बांधावे, रक्त अडावे, आणि बोटे जन्माची वाकडी व्हावीत, हे घडत आले आहे. बांधल्यावर बोटे थंड वा निळी पडली, किंवा बोट सरळ करताना पोर किंचाळले, तर बांधणी तिथल्या तिथे सैल करून दवाखाना गाठावा. दुखावलेले कोपर चोळू तर मुळीच नये. चोळण्याने स्नायूत हाड धरते आणि सांधा कायमचा अडतो.

नव्या काळात या विद्येला जोर आला तो १९१४ ते १९१८ च्या महायुद्धामुळे. लाखो जायबंदी शिपायांना नुसते जगवून भागेना, त्यांना पोटापाण्याला लावायचे होते. तेव्हा व्यायाम, शेक, मालीश यांचा भौतिकोपचार आणि कामातून हातपाय सुधारणारा व्यवसायोपचार, या दोन शाखा पाश्चात्त्य देशांत फोफावल्या. आखडलेला खांदा रिकामाच वरखाली करायला माणूस कंटाळतो. त्याच्या हाती सुताराचा रंधा दिला तर लाकूडही साफ होते आणि खांदाही सुटतो. पायाने माग चालवला की गुडघा आपोआप वाकतो. युक्ती साधी, पण त्यामागे कोणता स्नायू किती ताणायचा याचा हिशेब असतो.

ही विद्या आपल्याकडे आणणाऱ्या बाईंचे नाव नीरेपलीकडे, फलटणला, रोज घेतले जाते. तिथले कमला निंबकर बालभवन पुष्कळांना माहीत आहे. त्या कमलाबाई कोण, हे थोड्यांना. मूळच्या अमेरिकेतल्या एलिझाबेथ लुंडी, क्वेकर पंथाच्या घरातल्या. विष्णु निंबकरांशी लग्न करून त्या इकडच्या झाल्या. अमेरिकेत जाऊन त्यांनी व्यवसायोपचार शिकून घेतला, आणि १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्याची शाळा काढली. १९५२ साली या व्यवसायाचा जागतिक संघ स्थापन झाला, तेव्हा पहिल्या दहा देशांत भारत होता. त्यांचे चिरंजीव बनबिहारी निंबकर फलटणला शेतीच्या संशोधनात रमले, म्हणून हे नाव आपल्या शेजारी आले.

१९५२ च्या सुमारास मुंबईत पोलिओची साथ आली. लुळ्या पडलेल्या मुलांसाठी, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने, १९५३ साली के. ई. एम. मध्येच भौतिकोपचाराची शाळाही निघाली. पुढे महाराष्ट्राने २००२ साली दोन्ही शाखांसाठी परिषदेचा कायदा केला. २०१९ पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी प्लास्टर काढले की "बरा झालो" म्हणून घरी बसणारा माणूस आपल्याकडे अजून भेटतोच, आणि वर्षभराने तोच म्हणतो, हात डोक्यापर्यंत जात नाही.

शिक्षकबंधूंना एक सांगतो. प्लास्टर निघालेला मुलगा वर्गात आला, तर डॉक्टरांनी काय व्यायाम सांगितला ते घरच्यांना विचारा. डॉक्टरांची ना नसेल, तर मधल्या सुटीत त्याच्या हाती ओल्या मातीचा गोळा द्या, आणि बैल करायला सांगा.